अन्ननलिकेच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतरचे किरणोपचार: एक प्रकरण अभ्यास

अन्ननलिका काढल्यानंतर आलेल्या पॅथॉलॉजी अहवालात एक ओळ अशी होती: गाठ आणि काढलेल्या भागाची बाजूची कड यांतील अंतर ०.४ मिलिमीटर. या प्रकरणातील पुढचा जवळपास प्रत्येक निर्णय या ओळीशी आणि तिच्याच खाली लिहिलेल्या लसिका ग्रंथींच्या आकड्याशी बांधलेला आहे. हे प्रकरण कोणा एका ओळखता येण्याजोग्या व्यक्तीचे नाही. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचारांसाठी पाठवल्या जाणाऱ्या रुग्णांत वारंवार एकत्र दिसणाऱ्या गोष्टी एका रुग्णाच्या कथनात गुंफून ते उभे केले आहे.

रुग्ण ५७ वर्षांचे गृहस्थ. अनेक वर्षे तंबाखूचे सेवन, मधुमेह नाही, हृदयविकार नाही. चार महिन्यांपासून घन अन्न गिळताना छातीच्या मध्यावर अडकल्यासारखे वाटत होते. पुढे मऊ अन्नही पाण्याच्या घोटाबरोबरच खाली उतरू लागले, आणि त्या काळात वजन ६४ किलोवरून ५८ किलोवर आले. एंडोस्कोपीत पुढच्या दातांपासून २७ ते ३० सेंटिमीटर अंतरावर, म्हणजे अन्ननलिकेच्या मधल्या तृतीयांशात, एका बाजूने वाढलेली गाठ दिसली. बायोप्सीचा निष्कर्ष स्क्वॅमस पेशींचा, मध्यम दर्जाच्या पेशीविकासाचा कर्करोग असा होता. एंडोस्कोपिक सोनोग्राफीत गाठ स्नायूच्या थरापर्यंतच असल्याचे वाटले आणि पेट-सीटीत (पेशींची सक्रियता दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) कोणतीही ग्रंथी उजळली नाही. त्यावरून टप्पा टी२एन० (गाठ स्नायूच्या थरापर्यंत, ग्रंथींत रोग नाही) ठरला आणि थेट शस्त्रक्रियेचा मार्ग निवडला गेला.

तो निर्णय त्या वेळच्या माहितीवर समर्थनीय होता, तरी तो सीमारेषेवरचा होता हे नोंदवणे आवश्यक आहे. टी२एन० हा तपासण्यांनी ठरवलेला टप्पा अन्ननलिकेच्या बाबतीत सर्वांत कमी भरवशाचा मानला जातो; तसे ठरलेल्या बऱ्याच रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर ग्रंथींमध्ये रोग सापडतो. त्यामुळे लहान, तीन सेंटिमीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि उत्तम पेशीविकास असलेल्या गाठींतच थेट शस्त्रक्रिया करावी आणि बाकीच्यांना आधी केमोथेरपीसह किरणोपचार द्यावेत, असा अलीकडचा कल आहे. या कलामागे नेदरलँड्समधील क्रॉस चाचणीचे मोठे बळ आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ३६६ रुग्ण होते. शस्त्रक्रियेपूर्वी २३ भागांत ४१.४ ग्रे (किरणांच्या डोसचे एकक) किरणोपचार आणि दर आठवड्याला कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल ही केमोथेरपीची औषधे दिलेल्या गटात ९२ टक्के रुग्णांच्या कडा पूर्णपणे रोगमुक्त निघाल्या. केवळ शस्त्रक्रिया झालेल्या गटात हे प्रमाण ६९ टक्के होते. मध्यम जीवनकाळ (निम्मे रुग्ण जितका काळ हयात होते तो) पहिल्या गटात ४९.४ महिने आणि दुसऱ्यात २४ महिने होता. दीर्घ पाठपुराव्यात स्क्वॅमस प्रकारातील फरक त्याहून ठळक दिसला: ८१.६ महिने विरुद्ध २१.१ महिने. आपल्या रुग्णाला ही संधी मिळाली नाही. त्यामुळे पुढचा सगळा विचार दुसऱ्या क्रमांकाच्या उत्तम मार्गाचा आहे, याचे भान ठेवूनच तो करावा लागतो.

शस्त्रक्रिया छाती, पोट आणि मान अशा तीन टप्प्यांत झाली. छातीतील भाग दुर्बिणीतून केला गेला. जठराची नळी बनवून ती अन्ननलिकेच्याच मूळ जागेतून वर नेली आणि मानेच्या डाव्या बाजूला उरलेल्या अन्ननलिकेशी जोडली. लहान आतड्यात पोषणासाठी नळी ठेवली गेली. सातव्या दिवशी मानेतील जोडातून गळती सुरू झाली. ती जखम उघडी ठेवून आणि तोंडाने काही न देता सुमारे दोन आठवड्यांत भरून आली. आवाज बसला होता, कारण डाव्या स्वररज्जूची हालचाल मंदावली होती.

पॅथॉलॉजी अहवाल अपेक्षेपेक्षा बराच पुढचा निघाला. गाठ ४.२ सेंटिमीटर लांब होती आणि स्नायूचा थर ओलांडून बाहेरच्या सैल आवरणात शिरली होती. वरची व खालची कड स्वच्छ होती, वरचे अंतर पाच सेंटिमीटर होते. तपासलेल्या २६ ग्रंथींपैकी ४ ग्रंथींत रोग होता: उजव्या स्वरयंत्र-मज्जातंतूलगतच्या दोन, श्वासनलिकेच्या दुभाजकाखालची एक आणि अन्ननलिकेलगतची एक. रक्तवाहिन्या व मज्जातंतूंभोवतीही पेशी शिरलेल्या दिसल्या. पॅथॉलॉजीवरून टप्पा पीटी३एन२ म्हणजे टप्पे ठरवण्याच्या टीएनएम पद्धतीच्या आठव्या आवृत्तीप्रमाणे ३बी ठरला.

आता त्या ०.४ मिलिमीटरचा अर्थ. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्सच्या निकषानुसार गाठ बाजूच्या कडेपासून एक मिलिमीटरच्या आत असेल तर कड रोगग्रस्त धरली जाते, म्हणजे शस्त्रक्रिया आर१ (सूक्ष्म रोग मागे राहिलेली). कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सच्या निकषानुसार गाठीच्या पेशी प्रत्यक्ष कडेवर पोहोचल्या असतील तरच ती रोगग्रस्त, म्हणजे हीच शस्त्रक्रिया आर० (रोग पूर्ण निघालेली). एकच काचपट्टी, एकच रुग्ण आणि दोन वेगळी उत्तरे. अहवालात केवळ ‘कड रोगमुक्त’ असे शब्द असते आणि मिलिमीटरचा आकडा नसता, तर किरणोपचार तज्ज्ञाला या रुग्णाचा खरा धोका कळलाच नसता. अशा प्रत्येक अहवालात अंतराचा आकडा मागून घ्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

या अंतराला एवढे महत्त्व येते ते अन्ननलिकेच्या रचनेमुळे. आतड्याला असते तसे बाहेरचे घट्ट आवरण अन्ननलिकेला छातीत नसते; स्नायूनंतर थेट सैल ऊती, आणि तिच्या पलीकडे महाधमनी, डावी श्वासनलिका व हृदयाचे आवरण. मागे राहिलेल्या पेशींना अडवणारे तिथे काहीच नाही, आणि शल्यविशारदाला याहून रुंद कड घेण्यास जागाही नाही. शिवाय श्लेष्मल थराखालील लसिकावाहिन्या लांबीच्या दिशेने धावतात, त्यामुळे मधल्या भागातील गाठीच्या पेशी वर मानेच्या तळापर्यंत किंवा खाली पोटापर्यंत पोहोचू शकतात. छातीतील स्क्वॅमस कर्करोग शस्त्रक्रियेनंतर त्याच परिसरात परततो तेव्हा तो बहुधा हंसळीवरील (गळ्याखालच्या आडव्या हाडावरील) आणि छातीच्या वरच्या मध्यभागातील ग्रंथींत परततो. तेथील गाठ श्वासनलिकेवर दाब आणते किंवा तिच्यात शिरते, आणि त्या अवस्थेत उपचारांचे पर्याय फार थोडे उरतात.

बहुशाखीय बैठकीत पहिला प्रश्न साहजिकच पुराव्याचा होता. शस्त्रक्रियेनंतर सरसकट सर्वांना किरणोपचार दिल्याने आयुष्य वाढते, असे दिसलेले नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या, २२१ रुग्णांच्या फ्रेंच चाचणीत जीवनकाळात फरक आढळला नाही. १९९३ सालच्या हाँगकाँगमधील १३० रुग्णांच्या चाचणीत तर किरणोपचार घेतलेल्या गटाचा मध्यम जीवनकाळ कमी निघाला: ८.७ महिने विरुद्ध १५.२ महिने. छातीत आणलेल्या जठराचे गंभीर त्रास त्या गटात ३७ टक्के रुग्णांना झाले, दुसऱ्या गटात ६ टक्क्यांना. जठरातील व्रणांतून रक्तस्राव होऊन काही रुग्ण दगावले. मात्र या चाचणीचा आधार घेऊन किरणोपचार नाकारण्यापूर्वी तिथे किरण कसे दिले होते ते पाहिले पाहिजे. एका वेळचा डोस ३.५ ग्रे होता. एकूण ४९ ग्रे हा आकडा कागदावर सौम्य दिसतो, पण रक्तवाहिन्या, संयोजी ऊती आणि जठराची भिंत अशा उशिरा प्रतिक्रिया देणाऱ्या ऊतींवरील त्याचा परिणाम, अल्फा-बीटा गुणोत्तर (भागाच्या आकाराला ऊती किती संवेदनशील आहे याचे माप) ३ धरून काढल्यास, दोन ग्रेच्या नेहमीच्या भागांत दिलेल्या जवळपास ६४ ग्रेइतका होतो. रक्तपुरवठा आधीच तोकडा झालेल्या जठराच्या नळीला एवढा डोस सोसणे शक्यच नव्हते. माझ्या मते ती चाचणी किरणोपचारांच्या विरोधातील पुरावा कमी आणि मोठ्या भागांच्या विरोधातील पुरावा अधिक आहे.

दुसऱ्या बाजूला २००३ साली प्रसिद्ध झालेली चीनमधील ४९५ रुग्णांची चाचणी आहे. तिच्यात ५० ते ६० ग्रे नेहमीच्या छोट्या भागांत दिले होते. सर्व रुग्ण एकत्र धरल्यास पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ४१.३ टक्के विरुद्ध ३१.७ टक्के होते आणि हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठाम नव्हता. तिसऱ्या टप्प्यातील रुग्णांत मात्र तो ३५.१ टक्के विरुद्ध १३.१ टक्के इतका मोठा दिसला. उपगटातील निष्कर्ष जपूनच वापरावा लागतो. तरीही आपला रुग्ण नेमका त्याच उपगटातला: तिसरा टप्पा, चार ग्रंथी रोगग्रस्त, कड संशयास्पद आणि आधी कोणताही किरणोपचार नाही.

बैठकीत निव्होलुमॅबचाही विषय निघाला. चेकमेट ५७७ या ७९४ रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर वर्षभर हे इम्युनोथेरपीचे औषध दिल्याने रोगमुक्त काळाचा मध्य ११ महिन्यांवरून २२.४ महिन्यांवर गेला. पण त्यातील प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपीसह किरणोपचार मिळालेले होते आणि सर्वांच्या कडा रोगमुक्त होत्या. आपल्या रुग्णात यातले पहिले नाही आणि दुसरे वादग्रस्त. त्या चाचणीचा निष्कर्ष त्याला जसाच्या तसा लावणे योग्य ठरले नसते. चर्चेअंती केमोथेरपीसह किरणोपचार द्यावेत असे ठरले; हेतू छातीच्या मध्यभागातील आणि मानेच्या तळातील पुनरुद्भव टाळण्याचा होता, आणि दूरच्या अवयवांत रोग जाण्याचा धोका त्याने फारसा कमी होणार नाही हेही बैठकीच्या नोंदीत लिहून ठेवले गेले.

रुग्णाच्या पत्नीने विचारलेला प्रश्न या टप्प्यावर जवळपास प्रत्येक घरातून येतो: “डॉक्टर, ऑपरेशनमध्ये सगळं काढलं म्हणाला होतात ना, मग आता आणखी हे कशाला?” या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर देऊन भागत नाही. डोळ्यांना दिसणारी गाठ पूर्ण काढली होती हे खरे. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेली कड आणि ग्रंथी हा त्यानंतर कळलेला भाग. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे त्यांना अहवालातील ओळींवर बोट ठेवून सांगितले. उपचार न घेण्याचा पर्यायही मांडला, कारण ५२ किलोवर आलेल्या, आवाज बसलेल्या आणि नुकत्याच गळतीतून सावरलेल्या माणसाला सहा आठवड्यांचा उपचार सोसेल का, हा प्रश्न आम्हालाही होता. दोघांनी दोन दिवस विचार केला आणि होकार दिला.

शस्त्रक्रियेनंतर चार ते आठ आठवड्यांत सुरुवात व्हावी, असा सर्वसाधारण प्रयत्न असतो. या काळात रुग्णाची प्रगती ठरवणारा सर्वांत महत्त्वाचा आकडा वजनाचा होता. आहारतज्ज्ञांनी दररोज प्रतिकिलो सुमारे ३० किलोकॅलरी आणि दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने हे लक्ष्य ठेवले; त्यातील मोठा वाटा रात्रभर आतड्यातील नळीतून सावकाश दिला जाई आणि दिवसा तोंडाने थोडे-थोडे खाणे चाले. गळती पूर्ण थांबल्याची खात्री क्ष-किरण तपासणीत द्रव गिळायला देऊन केली. गिळण्याच्या प्रशिक्षणात हनुवटी खाली झुकवून गिळण्याची सवय लावली, कारण स्वररज्जू नीट मिटत नसेल तर अन्न श्वासनलिकेत जाते आणि किरणोपचारांच्या मधोमध न्यूमोनिया झाला तर उपचार तुटतो. वजन ५४.५ किलोवर पोहोचले तेव्हा शस्त्रक्रियेला आठ आठवडे होत आले होते. पोषणाची नळी काढून टाकण्याची रुग्णाची इच्छा होती. किरणोपचार संपून वजन स्थिर होईपर्यंत ती ठेवावी, यासाठी त्यांचे मन वळवावे लागले.

आखणीचा टप्पा या प्रकरणातला सर्वांत नाजूक भाग होता. शस्त्रक्रियेपूर्वी दिलेल्या किरणोपचारांत गाठ समोर दिसत असते. येथे गाठ नाही, अन्ननलिका नाही आणि तिच्या जागी जठराची नळी आलेली आहे. लक्ष्य कुठे आहे हे तीन गोष्टींवरून ठरवावे लागले: शस्त्रक्रियेपूर्वीचा पेट-सीटी आखणीच्या सीटीवर जुळवून, शल्यविशारदाने संशयित कडेपाशी ठेवलेल्या धातूच्या क्लिप्स पाहून आणि त्यांची शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद वाचून. गाठ महाधमनीला चिकटलेली होती की डाव्या श्वासनलिकेला, हे सीटी सांगत नाही. नोंदीत ‘डाव्या मुख्य श्वासनलिकेच्या मागील भिंतीपासून कष्टाने सोडवली’ असे वाक्य होते. त्या एका वाक्याने अखेरच्या वाढीव डोसची जागा निश्चित केली.

हंसळीवरील दोन्ही बाजूंच्या, छातीच्या वरच्या मध्यभागातील आणि श्वासनलिकेच्या दुभाजकाखालील ग्रंथींचा प्रदेश तसेच गाठीची मूळ जागा एवढेच क्षेत्र घेतले. जठराची संपूर्ण नळी मुद्दाम घेतली नाही. वरची कड पाच सेंटिमीटर स्वच्छ असल्याने जोडाची जागाही लक्ष्य म्हणून धरली नाही. मात्र हंसळीवरील ग्रंथी तिच्या शेजारीच असल्यामुळे तिला काही डोस मिळणे अटळ होते. ५०.४ ग्रे २८ भागांत आणि त्यानंतर क्लिप्सच्या परिसरात आणखी ३.६ ग्रे २ भागांत, म्हणजे ३० भागांत एकूण ५४ ग्रे, दर भाग १.८ ग्रे. मज्जारज्जूवरील कमाल डोस ४५ ग्रेच्या आत ठेवला, २० ग्रे किंवा अधिक डोस मिळणारा फुप्फुसाचा भाग १९ टक्क्यांवर आणला आणि हृदयाचा सरासरी डोस १४ ग्रेवर. जठराच्या नळीसाठी सर्वांनी मान्य केलेली अशी एकच मर्यादा प्रचलित नाही. म्हणून तिच्या भिंतीत ठरलेल्यापेक्षा जास्त डोस मिळणारा एकही बिंदू पडू नये, अशी अट आम्ही स्वतःहून घातली. खाल्ल्यानंतर ही नळी फुगते आणि बाजूला सरकते, हेही ध्यानात घ्यावे लागते. त्यामुळे आखणीचा सीटी आणि प्रत्येक दिवसाचा उपचार पोट रिकामे असतानाच केला आणि यंत्रावरच रोज छोटा सीटी घेऊन नळीचा आकार तपासला.

पहिले दोन आठवडे सुरळीत गेले. तिसऱ्या आठवड्यापासून गिळताना जळजळ, कोरडा खोकला आणि आडवे झाल्यावर पित्त वर येण्याचा त्रास सुरू झाला. खाटेची डोक्याकडची बाजू उंच केली, आम्लरोधक औषधाचा डोस वाढवला आणि रात्रीचे नळीतून पोषण पुन्हा वाढवले. दर आठवड्याला कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल द्यायचे ठरले होते. पांढऱ्या पेशी उतरल्याने पाचवा डोस वगळला. किरणोपचार एकही दिवस थांबले नाहीत. शेवटच्या दिवशी वजन ५३.२ किलो होते, म्हणजे सहा आठवड्यांत सव्वा किलोच्या आसपास घट. नळी आधीच काढली असती तर ही घट एवढ्यावर थांबली नसती, असे मला खात्रीने वाटते.

उपचारांनंतर दीड महिन्याने छातीत मंद दुखणे सुरू झाले. एंडोस्कोपीत जठराच्या नळीत दोन उथळ व्रण दिसले, रक्तस्राव नव्हता. बायोप्सी घेण्याचा मोह येथे आवरावा लागतो, कारण किरण मिळालेल्या आणि रक्तपुरवठा तोकडा असलेल्या भिंतीतून तुकडा काढल्यास व्रण खोल जाऊ शकतो. दिसण्यात रोगाचा संशय नसेल तर औषध देऊन पुन्हा पाहणे अधिक सुरक्षित. दोन महिन्यांनी व्रण भरलेले होते. तिसऱ्या महिन्यात कोरडा खोकला वाढला आणि सीटीत किरणक्षेत्रापुरते फुप्फुसात धूसर पट्टे दिसले. ताप नव्हता, ऑक्सिजनची पातळी चांगली होती, त्यामुळे स्टिरॉइड न देता बारकाईने लक्ष ठेवले आणि खोकला हळूहळू ओसरला. मानेतील जोड आकसल्याने तीनदा तो रुंद करावा लागला. हंसळीवरील क्षेत्रात थायरॉइडचा भाग येत असल्याने दर सहा महिन्यांनी तपासणी ठेवली होती. दीड वर्षाने टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) वाढलेले सापडले आणि थायरॉक्सिन सुरू केले. त्याच वेळी बी१२ आणि लोहही कमी आढळले, पण ते किरणांमुळे नव्हे तर जठराच्या बदललेल्या रचनेमुळे.

१९ व्या महिन्यातील सीटीत डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात, किरणक्षेत्राच्या पूर्ण बाहेर, ११ मिलिमीटरची एक गाठ दिसली. सुईने घेतलेल्या बायोप्सीत स्क्वॅमस कर्करोग निघाला. पेट-सीटीत छातीचा मध्यभाग, मानेचा तळ आणि डाव्या श्वासनलिकेमागची ती संशयित जागा स्वच्छ होती. बैठकीच्या जुन्या नोंदीत ज्या धोक्याचा उल्लेख होता, तोच हा. रुग्णाच्या पत्नीने या वेळी विचारले की किरणोपचार वाया गेले का. छातीतील जागा दोन वर्षांच्या उंबरठ्यावरही मोकळी आहे, श्वासनलिका दबलेली नाही आणि ते तोंडाने जेवू शकतात, हे किरणोपचारांमुळेच घडले असे एका रुग्णावरून सिद्ध करता येत नाही. पण ज्या जागेसाठी तो उपचार दिला होता त्या जागी रोग परतलेला नाही, एवढे त्यांना स्पष्टपणे सांगता आले.

आता पुढचा उपचार संपूर्ण शरीरावर काम करणाऱ्या औषधांचा आहे. फुप्फुसातील ही एकच गाठ काढून टाकण्याचा किंवा तिच्यावर नेमके, मोठ्या डोसचे किरण देण्याचा पर्याय विचारात आहे, परंतु आधी काही महिने केमोथेरपी आणि इम्युनोथेरपी एकत्र देऊन रोगाचा वेग पाहावा, असे ठरले आहे. त्यासाठी बायोप्सीच्या नमुन्यावर पीडी-एल१ ची (इम्युनोथेरपीच्या उपयोगाचा अंदाज देणाऱ्या प्रथिनाची) तपासणी पाठवली आहे. वजन ५७ किलो आहे. पोषणाची नळी वर्षापूर्वी काढली होती. नव्या औषधांच्या काळात वजन तीन किलोंहून अधिक उतरले तर ती पुन्हा बसवायची, हे रुग्णाशी आताच बोलून ठेवले आहे.